“निशाचर” या विशेषणाचा अर्थ व शेतकऱ्यानें करावयाचा त्याचा उपयोग

शब्दाचा अर्थ नीट न कळल्यास विद्यार्थ्याचा एखादा गुण जातो. शेतकऱ्याचें मात्र पीक जातें. हें विधान पुष्कळांस अतिशयोक्तीचें वाटेल. तथापि “निशाचर” या एका शब्दापुरतें तें कसें खरें आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. रात्रीं शेतांत, वाडींत व खळ्यावर जें जें हालतें त्या सर्वांस आपण सरसकट निशाचर म्हणतों, आणि तसें म्हणतांना मनांत भीति, शिसारी अगर राग असतो. परिणाम असा होतो कीं, जो रात्रीं आपली राखण करतो त्यास आपण दगड मारतों. जो खरी नासाडी करतो तो हातीं लागत नाहीं. आणि भरपाईच्या अर्जांत जें लिहावयास पाहिजे तें लिहिलें जात नाहीं. या तिन्ही गोष्टींचें मूळ एका विशेषणाच्या सैल वापरांत आहे असें आमचें मत असून त्याचीं कारणें पुढें देत आहों.

शब्दाची फोड

“निशाचर” हा शब्द संस्कृत असून “निशा” म्हणजे रात्र व “चर” म्हणजे हिंडणारा, या दोन पदांचा तो समास आहे. “रात्रिंचर” व “नक्तंचर” हे त्याचेच भाऊबंद होत. यांपैकीं “नक्त” हा रात्रिवाचक शब्द जुन्या वळणाच्या घरांतून अद्यापि ऐकूं येतो; दिवसभर उपवास करून रात्रीं एकदां जेवणें यास नक्त म्हणतात. इंग्रजींत याच अर्थाचा जो “नॉक्टर्नल” शब्द आहे तो लॅटिन भाषेंतून आलेला असून त्याचें मूळ व आपल्या “नक्त” शब्दाचें मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. सारांश, रात्रीं वावरणाऱ्या प्राण्यास निराळें विशेषण द्यावें ही गरज फार जुन्या काळापासून माणसास वाटत आली आहे.

“चर” या पदाकडे मात्र शेतकऱ्यानें विशेष लक्ष द्यावें. “चर्” या धातूचा अर्थ हिंडणें असा आहे, तसाच चरणें म्हणजे खाणें असाहि आहे; मराठींत तर हा दुसराच अर्थ अधिक चालतो. गुरें चरावयास जातात असें आपण रोज म्हणतों. तेव्हां एखाद्यास निशाचर म्हटलें म्हणजे “रात्रीं हिंडतो” एवढें कळलें. परंतु “रात्रीं काय चरतो” हा प्रश्न शिल्लकच राहिला. शब्द पहिल्या प्रश्नाचें उत्तर देतो, दुसऱ्याचें देत नाहीं. हा भेद ज्याच्या ध्यानांत आला त्यास या लेखाचें अर्धें सार कळलें असें समजावें.

राक्षसहि निशाचर, महादेवहि निशाचर

मग या शब्दास वाईट वास कोठून लागला? त्याचें कारण ग्रंथांत आहे. अमरकोशांत राक्षसांचीं जीं नांवें दिलीं आहेत त्यांत “रात्रिंचर” व “रात्रिचर” हीं दोन्ही आहेत. रामायणांत व पुराणांत राक्षसांस निशाचर म्हणण्याचा प्रघात आहे. संस्कृतांत चोर, कोल्हा, साप व घुबड यांनाहि हा शब्द लावलेला आढळतो. कथाकीर्तनें ऐकून वाढलेल्या आपल्या समाजाच्या कानांत राक्षसाचा अर्थ पक्का बसला, आणि पुढें तोच अर्थ बिचाऱ्या पांखरांच्या व जनावरांच्या माथीं आला.

परंतु ग्रंथांची साक्ष काढावयाची तर पुरी काढावी. महाभारताच्या अनुशासनपर्वांत जें शिवसहस्रनाम आहे त्यांत “निशाचर” हें प्रत्यक्ष महादेवाचें एक नांव म्हणून आलें आहे. ज्या संगमेश्वर तालुक्याचें देवरूख हें मुख्य ठिकाण, त्याच तालुक्यांत सह्याद्रीच्या कड्यांत मार्लेश्वर आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास तेथील यात्रेस जाणारे भाविक गुहेंतल्या सापांस हात लावीत नाहींत, त्यांस देवाचे सोबती मानतात. तोच मनुष्य घरीं परत आल्यावर वाडींतल्या घुबडावर दगड उचलतो, यास काय म्हणावें? आश्विनी पौर्णिमेस, म्हणजे कोजागिरीस, लक्ष्मी मध्यरात्रीं हिंडते व कोण जागें आहे असें विचारते, ही कथा घरोघर सांगतात. म्हणजे लक्ष्मी त्या रात्रीं निशाचरच झाली. आणि तिचें वाहन म्हणून पुष्कळ ठिकाणीं घुबडच मानलेलें आहे. तात्पर्य, आपल्या परंपरेंतहि हा शब्द केवळ शिवी नव्हता. तो वेळ दाखविणारा शब्द होता. वेळेवरून शील ठरविण्याची खोड मागाहून लागली.

विशेषण कोठें लावावें, कोठें लावूं नये

व्याकरणदृष्ट्या हें विशेषण वापरण्यास सोपें आहे. मराठींत त्याचें रूप लिंगवचनानुसार बदलत नाहीं. निशाचर पक्षी, निशाचर घूस, निशाचर पांखरें असें तिन्ही लिंगीं चालतें. नाम म्हणून वापरल्यास मात्र त्यास विभक्ति लागते. जसें, निशाचरांचा, निशाचरांनीं. मर्यादा आहेत त्या अर्थाच्या, व त्या चार आहेत.

पहिली मर्यादा अशी कीं, हा शब्द हिंडणाऱ्या जिवासच लावावा. निशिगंध व रातराणी रात्रीं दरवळतात, पारिजातक रात्रीं फुलतो. परंतु तीं झाडें निशाचर नव्हेत. तेथें “रात्रीं फुलणारें” असें सरळ म्हणावें. दुसरी मर्यादा अशी कीं, कामास व प्रसंगास हा शब्द लागत नाहीं. राखण रात्रीची असते, पाळी रात्रीची असते, आपल्या भागांतील नमन-खेळे रात्रभर चालतात. “निशाचर राखण” असें कोणी लिहील तर तें हास्यास्पद होईल. तिसरी मर्यादा संवयीची. शेजाऱ्याची गाय दावें तोडून एका रात्रीं आपल्या नाचणींत शिरली म्हणून गाय निशाचर ठरत नाहीं. रात्रीं वावरणें ही ज्याची नेहमींची रीत, त्यासच हें विशेषण.

चौथी मर्यादा माणसाविषयीं आहे. रात्रीं हिंडणाऱ्या मनुष्यास निशाचर म्हणणें ही शिवी समजली जाते, म्हणून तो शब्द जपून वापरावा. रात्रीं जाळें टाकणारा कोळी, पहाऱ्यावरचा पहारेकरी, माळ्यावर बसून भात राखणारा आपलाच गडी, हे सर्व रात्रीं जागणारेच आहेत. कायद्यानेंहि हा विवेक ठेविला आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं केलेली घरफोडी ती रात्रीची घरफोडी, अशी व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि अशा घरफोडीस दिवसाच्या घरफोडीहून अधिक शिक्षा सांगितली आहे. येथें शिक्षा घरफोडीस आहे. रात्र तिचें गांभीर्य वाढविते इतकेंच. नुसतें रात्रीं जागें असणें हा गुन्हा नव्हे. हाच न्याय पशुपक्ष्यांस लावावा एवढेंच आमचें म्हणणें आहे.

येथें दोन फसवे शब्दहि सांगून ठेवितों. रातांधळा तो, ज्यास रात्रीं दिसत नाहीं. तो निशाचराच्या उलट होय. घुबडास संस्कृतांत दिवांध व दिवाभीत म्हटलें आहे. पण घुबड दिवसा आंधळें असतें ही समजूत खरी नव्हे, त्यास दिवसाहि दिसतें. तसेंच “रात” दिसली म्हणजे रात्रच असेंहि नव्हे. आपल्या वाडींतला रातांबा व परसांतलें रताळें यांचा रात्रीशीं कांहीं संबंध नाहीं. तेथें “रक्त” म्हणजे तांबडा या शब्दाचें रूप आहे.

रात्रीं चरणारे मित्र

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. रात्रीं हिंडणाऱ्यांपैकीं कोण काय चरतो याचा हिशेब मांडला असतां जमेच्या बाजूस पुष्कळ नांवें येतात.

पहिलें नांव गव्हाणी घुबडाचें. पांढऱ्या, बदामी आकाराच्या तोंडाचें हें घुबड जुन्या घरांत, देवळांत व झाडांच्या ढोलींत राहतें. त्याचे पंख इतके मऊ असतात कीं उडतांना आवाज होत नाहीं, आणि त्याचे दोन्ही कान सारख्या उंचीवर नसल्यामुळें गवतांतल्या उंदराची खसखस नेमकी कोठून येते हें त्यास काळोखांतहि कळतें. उंदीर व घुशी हें त्याचें मुख्य खाणें. उंदीर स्वतः रात्रीं बाहेर पडतो. म्हणून त्यास पकडणाराहि रात्रींच हिंडणारा पाहिजे. कावळा अगर घार हें काम करूं शकणार नाहीं. मलेशियांत तेलताडाच्या मळ्यांतून या घुबडांसाठीं खांबांवर लांकडी पेट्या बसवितात, व इस्रायलांतहि १९८० नंतरच्या दशकांत शेतकऱ्यांनीं हीच पद्धत उचलली. ते लोक पेट्या बसवून घुबडें बोलावतात. आपण फुकट आलेल्यास हांकलतों. घुबडास दगड मारला तर तें तो उगाळतें व जसा दगड झिजतो तसा मारणारा झिजतो, अशी एक समजूत आहे. तिच्यांत सत्य नाहीं. पण निदान ती भिणाऱ्याचा हात तरी आंवरते. घुबड ओरडलें म्हणजे घरांत मृत्यु होतो या समजुतीनें मात्र उलट घुबडांचे प्राण गेले आहेत. भाताच्या उडव्या रचल्यावर त्यांच्या भोंवतीं रात्रीं घुबड घिरट्या घालूं लागलें तर तो अपशकुन नव्हे. उडवींत उंदीर शिरल्याची ती वर्दी आहे.

पिंगळा हा लहान घुबडाचा प्रकार. तो भुंगेरे, नाकतोडे व लहान उंदीर खातो. बारीक वटवाघुळें रात्रभर उडते किडे टिपतात. बेडूक पावसाळ्यांत रात्रीं बांधाबांधावर किडे व अळ्या खात फिरतो. काजव्याची अळी गोगलगायीवर उपजीविका करते. जेथें उजेडाचे मोठे दिवे रात्रभर जळतात तेथें नरमादींस परस्परांची खूण दिसत नाहीं व काजवे कमी होतात. खवले मांजर तर केवळ मुंग्या व वाळवी यांवर जगतें. त्यास दांत नसतात, चावण्याचें सामर्थ्यहि नसतें, भय वाटल्यास तें अंगाचा गोळा करून पडून राहतें. खवल्यांच्या चोरट्या व्यापारापायीं हा निरुपद्रवी प्राणी मारला जातो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें आपल्या जिल्ह्यांत त्याच्या रक्षणाचें काम हातीं घेतलें आहे. याच संस्थेनें २००२ पासून मंडणगड तालुक्यांतील वेळास येथें कांसवांचीं घरटीं राखण्याचें काम उभें केलें. ती समुद्रकांसवेंहि रात्रींच वाळूंत येऊन अंडीं घालतात. त्यांसहि निशाचर म्हणावें, पण त्यांनीं कोणाचें काय खाल्लें?

मोठ्या फलाहारी वटवाघुळाचा हिशेब दोन्ही बाजूंस मांडावा लागतो. तें पिकलेला आंबा, चिकू, पेरू खातें हें खरें. तसेंच वड, उंबर, जांभूळ यांचें बीं दूरवर नेऊन टाकतें व सांवरीसारख्या झाडांच्या फुलांचें परागीकरण करतें हेंहि खरें. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यांत उपद्रवी प्राण्यांची एक निराळी अनुसूची होती; कावळा व उंदीर यांच्या जोडीनें फलाहारी वटवाघुळें तींत घातलेलीं होतीं. २०२२ च्या दुरुस्तीनें ती अनुसूचीच काढून टाकली व १ एप्रिल २०२३ पासून तो बदल अंमलांत आला. आतां एखाद्या रानटी जनावरास उपद्रवी ठरवावयाचें तर केंद्र सरकारास तसें अधिसूचनेनें, ठराविक क्षेत्रापुरतें व ठराविक मुदतीपुरतें जाहीर करावें लागतें. सरसकट शिक्का मारण्याचा काळ कायद्यानेंहि मागें टाकला, हें ध्यानांत घ्यावें.

रात्रीं चरणारे शत्रु

खर्चाची बाजूहि लहान नाहीं, आणि येथें शब्दाचा खरा उपयोग होतो. कारण शत्रु निशाचर आहे हें कळलें म्हणजे त्यास केव्हां गांठावयाचें हें कळतें.

हळवें भात तयार होऊं लागलें कीं कांहीं वर्षीं लष्करी अळी पडते. ती दिवसा चुडाच्या बुडाशीं अगर जमिनीच्या भेगांत दडते व रात्रीं वर चढून पानें खाते, लोंब्या कुरतडून खालीं पाडते. शेतकरी सकाळीं येतो, खालीं पडलेल्या लोंब्या पाहतो, वर अळी दिसत नाहीं, आणि उंदरांस दोष देऊन सापळे लावतो. त्यानें सायंकाळनंतर कंदील अगर बॅटरी घेऊन दहा चूड हलवून पाहिले असते तर चोर जागेवर सांपडला असता. बांधावरचें गवत काढणें, बेडकांस न मारणें, आणि अळी दिसतांच कृषि सहाय्यकाचा अगर दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचा सल्ला घेणें, हा क्रम ठेवावा.

भाताच्या खोडकिडीचें पाखरूंहि रात्रीं उडतें व पानाच्या शेंड्याकडे अंड्यांचा पुंजका घालतें. म्हणून तरवा लावण्यापूर्वीं शेंडे खुडून टाकण्याची चाल उपयुक्त आहे. पाखरूं दिव्यावर येतें, म्हणून प्रकाशसापळा लावतात. मात्र तो रात्रभर जळत ठेवूं नये, नाहीं तर शत्रूबरोबर मित्र किडेहि मरतात. संध्याकाळचे पहिले कांहीं तास पुरे होतात.

नारळाचा गेंडा भुंगा दिवसा दिसत नाहीं. रात्रीं तो माडाच्या शेंड्यांत शिरून कोंवळा गाभा पोखरतो; पुढें तें पान उलगडलें म्हणजे पंख्यासारखें कातरलेलें दिसतें. तोंवर भुंगा निघून गेलेला असतो. याची पैदास आपल्याच शेणखताच्या खड्ड्यांत व कुजक्या खोडांत होते. म्हणजे या निशाचराचें घर दिवसा आपल्या डोळ्यांदेखत असतें. खड्डा वेळच्या वेळीं उपसून अळ्या वेंचाव्या, कुजके ओंडके जाळावे, व शेंड्यांतलें भोंक दिसतांच तारेच्या आंकड्यानें भुंगा ओढून काढावा.

साळिंदर रात्रीं कंद व माडाचीं रोपें उकरतें. रानडुकरें कणगर, रताळीं व भात उधळतात. येथें एक गोष्ट समजून घ्यावी. रानडुक्कर हें जन्मजात केवळ निशाचर नाहीं. जेथें त्यास त्रास नाहीं तेथें तें दिवसाहि हिंडतें. २०१८ सालीं “सायन्स” या नियतकालिकांत कॅलिफोर्निया विद्यापीठांतील संशोधकांनीं सहा खंडांतल्या सस्तन प्राण्यांच्या ६२ जातींवरील ७६ अभ्यास एकत्र करून असें दाखविलें कीं, माणसाचा उपद्रव वाढला म्हणजे जनावरांचें रात्रीं वावरणें सरासरीनें १.३६ पट होतें. जें जनावर पूर्वीं दिवस व रात्र निम्मेनिम्म वापरीत असे, तें माणसाच्या शेजारीं शेंकडा ६८ पर्यंत वावर रात्रीं करूं लागतें. म्हणजे पुष्कळ निशाचर आपणच घडविले आहेत. दिवसा रानांत वणवा, तोड व कोलाहल, म्हणून रात्रीं आपल्या शेतांत चराई, असा हा व्यवहार आहे.

दिवसाचा चोर

या सर्वांस दुसरी बाजू आहे. आज कोंकणांत काजू, आंबा, नारळ, केळी व परसांतली भाजी यांची जी नासाडी वानरें व माकडें करतात, ती पाहून पुष्कळांनीं लागवडच सोडून दिली आहे. आणि वानर-माकड हें पुरतें दिनचर जनावर आहे. सूर्य मावळला कीं तें झाडावर झोंपतें. त्यास कोणी राक्षसाचें नांव दिलें नाहीं, उलट मारुतीचें नातें लावलें. म्हणजे ज्याचें नांव वाईट तें घुबड उंदीर मारतें, आणि ज्याचें नांव चांगलें तो दिवसाढवळ्या नारळ पाडतो. वेळेवरून शील ठरविणें किती फसवें आहे यास याहून दुसरा दाखला नको. आम्ही माकडांस मारा असें सुचवीत नाहीं. तो कायद्याचा प्रश्न आहे. राखण कोणत्या प्रहरीं करावयाची हें ठरवितांना शब्दाच्या भीतीनें चालूं नये, एवढेंच सुचवितों. वानरांसाठीं राखण सकाळीं व दुपारनंतर हवी, डुकरांसाठीं मध्यरात्रीं. दोन्हींस एकच गडी, एकच वेळ, हा हिशेब जमत नाहीं.

अर्जांत काय लिहावें

महसूल खात्यांतील कारकुनींत आमच्या नजरेखालून जे अर्ज गेले त्यांत “रात्रीं जनावरांनीं पीक खाल्लें” असें मोघम वाक्य वारंवार असे. अशा वाक्यानें अर्जदाराचेंच नुकसान होतें. विशेषण हें नांव नव्हे. महाराष्ट्र शासन वन्य प्राण्यांनीं केलेल्या पीकहानीबद्दल जें अर्थसाहाय्य देतें, तें प्राण्याच्या नांवावर अवलंबून असतें. रानडुक्कर, हरीण, रानगवा, नीलगाय, माकड, वानर व रानहत्ती हीं नांवें त्यांत घातलेलीं आहेत. “निशाचर प्राणी” अगर “जंगली जनावर” असें लिहिलें तर पंचनामा करणाऱ्यानें कोणतें नांव घालावें?

म्हणून अर्जांत चार गोष्टी स्पष्ट लिहाव्या. एक, गट नंबर, पीक व नासलेलें क्षेत्र. दोन, प्राण्याचें नांव व तें कशावरून ओळखलें, म्हणजे खूर, विष्ठा, उकरलेली माती, गळलेले कांटे अगर प्रत्यक्ष दर्शन. तीन, वेळ, आणि ती “रात्रीं” अशी न लिहितां “अमुक तारखेच्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशींच्या सूर्योदयापर्यंत” अशी लिहावी, कारण मध्यरात्रीनंतर तारीख बदलते व दोन कागदांत दोन तारखा पडून घोळ होतो. चार, पाहणाऱ्याचें नांव. अर्ज नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आंत जवळच्या वनरक्षक, वनपाल अगर वनक्षेत्रपाल यांजकडे द्यावा, पोंच घ्यावी, आणि पाहणी होईपर्यंत शेतांतल्या खुणा पुसूं देऊं नयेत. सकाळीं घाईनें सरी नीट करणारा शेतकरी आपलाच पुरावा पुसतो.

रात्र आणि माणसाचा जीव

शेवटीं पिकाहून मोलाची गोष्ट. विषारी सापांपैकीं मण्यार ही पक्की निशाचर आहे. फुरसें व घोणस यांचाहि वावर मुख्यतः रात्रींच असतो. मण्यार उंदीर, पाली व दुसरे साप शोधीत घरांत शिरते, आणि तिचा दंश पुष्कळदां जमिनीवर निजलेल्या माणसास झोंपेंत होतो. दंशाच्या जागीं सूज अगर वेदना फारशी नसते, म्हणून मनुष्य पुन्हां निजतो. पहाटे पोट दुखणें, पापण्या मिटूं लागणें, शब्द अडखळणें अशीं चिन्हें दिसूं लागलीं तर मांत्रिकाची वाट न पाहतां लागलीच सरकारी रुग्णालयांत न्यावें. सर्पविषावरील लस तेथें असते व तोच उपाय आहे. भुईवर निजूं नये, अंथरूण खाटेवर घालून मच्छरदाणी गादीखालीं खोंचावी, रात्रीं परसांत जातांना उजेड व पायांत जोडा असावा. येथें “निशाचर” हा शब्द भीति घालण्यासाठीं नसून सावध करण्यासाठीं आहे, आणि हाच त्याचा योग्य उपयोग होय.

बिबट्याविषयींहि असेंच. तो बहुधा रात्रीं फिरतो व कठडा नसलेल्या विहिरींत पडतो. असे प्रकार कोंकणांत अनेकदां घडले आहेत. विहिरीस कठडा बांधणें व गोठ्याचें दार रात्रीं पक्कें लावणें हें दोघांच्याहि हिताचें आहे.

सारांश

निशाचर हें वेळेचें विशेषण आहे, गुणाचें नव्हे. तें ऐकतांच शेतकऱ्यानें मनाशीं तीन प्रश्न विचारावे: हा कोण, हा नेमका केव्हां येतो, आणि हा काय चरतो? तिन्हींचीं उत्तरें मिळाल्यावांचून दगडहि उचलूं नये व औषधहि मारूं नये. विशेषतः उंदरांसाठीं विषारी आमिष घालतांना, तें खाल्लेला उंदीर घुबडानें खाल्ला तर कांहीं विषें घुबडासहि बाधतात, याची आठवण ठेवावी; मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरावे.

सभासदांस आमची विनंति अशी कीं, येत्या हंगामांत भात पसवल्यापासून तें मळणीपर्यंत प्रत्येकानें एक वही ठेवावी. तींत तारीख, प्रहर, जनावराचें अगर किड्याचें नांव, आणि त्यानें काय खाल्लें, असे चार रकाने पाडावे. ज्याचें नांव ठाऊक नाहीं त्याचें वर्णन लिहावें. अशा पांचपंचवीस वह्या संघाच्या बैठकींत एकत्र वाचल्या गेल्या तर आपल्या खोऱ्यांत रात्रीचा राखणदार कोण व रात्रीचा चोर कोण हें आपल्यास दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज उरणार नाहीं. आणि नुकसानीचा अर्ज लिहितांना तीच वही हाताशीं येईल.